खिडकीबाईचा घेवडा

खिडकीबाईनं बाग केली ती फुलांच्या आवडीनं नाही. दात झिजले म्हणून केली.

दातांच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही झोपेत दात खाता का?"

"जागेपणीही खाते," ती म्हणाली.

"कुणावर?"

"नावं सांगत बसले तर बाहेरचे पेशंट ताटकळतील."

डॉक्टर हसले नाहीत. दाढांचे माथे घासून पार सपाट झाले होते. असंच चाललं तर चावायला काही उरणार नाही, रागाला तोंडाखेरीज दुसरी वाट काढून द्या, हातांना काहीतरी काम द्या, असं ते म्हणाले. घरी आल्या आल्या तिनं हे मला सांगितलं. आमच्या दोघींच्या गॅलऱ्या लागून आहेत, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर तळहात आपटत ती म्हणाली, "हातांना काम द्या म्हणे! जन्मभर हे हात काय मांडीवर ठेवून बसले होते मी?"

बसली नव्हती, पण तिची नोकरी मात्र बसून होती. पाणीखात्याच्या तक्रारखिडकीवर ती लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. समोर जाड काच, काचेला बोलण्यापुरतं गोल भोक. त्या भोकातून लोक बोलत नसत, ओरडत. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या पाण्याला वास, कुणाच्या दारातली पाइप फुटून चिखल झालेला. यातल्या एकाही पाइपशी तिचा संबंध नव्हता. तिच्याकडे एकच वाक्य होतं आणि ते गोड आवाजात म्हणायचं असा नियम होता: "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." एकदा एकानं गढूळ पाण्याची बाटली काचेवर रिकामी केली. तिनं आतल्या बाजूनं फडकं फिरवलं, घाण बाहेरच्या बाजूला आहे हे लक्षात आल्यावर फडकं खाली ठेवलं आणि तेच वाक्य म्हटलं. 'खिडकीबाई' हे नाव तिला तिथल्या शिपायानं दिलं. ते घरापर्यंत आलं, मग बिल्डिंगभर झालं.

पण दात तिनं खिडकीवरच्या लोकांवर खाल्ले असं नाही. त्यांच्यावरचा राग ती बसस्टॉपपर्यंत चालत येताना संपवायची. दात खाल्ले ते नवऱ्यावर.

आता कुणी म्हणेल, नवरा वाईट होता की काय? अजिबात नाही. तसा असता तर सोपं गेलं असतं. तो मदत करणारा माणूस. एका वाहतूक कंपनीच्या गोदामात तो वस्तू लावण्याचं काम बघायचा आणि घरातही सगळं त्याला आपल्या हिशेबानं लावायची सवय. ती बाळंतपणाला गेली तेव्हा यानं स्वयंपाकघराला रंग दिला, गडद तपकिरी, डाग दिसू नयेत म्हणून. तिची सायकल यानं स्वतःच्या भाचीला देऊन टाकली, कारण आता तिला बसनं जाणं बरं पडेल असं याला वाटलं. प्रत्येक वेळी तो हात पुसत, प्रसन्न चेहऱ्यानं सांगायला यायचा. आणि भांडायला जावं तर म्हणायचा, "अगं, तुझ्या भल्यासाठीच ना?"

सगळ्यात मोठं भलं त्यानं केलं ते तिच्या बढतीचं. वरिष्ठ साहेब स्वतः घरी आले होते. खिडकीवरून उठवून तिला आतल्या कचेरीत घ्यायचं घाटत होतं. जबाबदारी मोठी, तास जास्त, पण टेबल स्वतःचं आणि काच नाही. नवरा म्हणाला, "अगं, चहा टाक." ती चहा टाकायला आत गेली. ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा साहेब चप्पल घालत होते. नवऱ्यानं सांगून टाकलं होतं, घर आहे, मुलगा लहान आहे, तिला नाही जमायचं. "दगदग वाचवली तुझी," तो तिला म्हणाला आणि दोन्ही कप स्वतःच प्यायला.

तो मुलगा आता बापाएवढा झाला, त्याचं लग्न झालं, सून घरात आली, आणि खिडकीबाईच्या दाढा सपाट झाल्या.

तर बाग. आधी एक मिरची, एक टोमॅटो, दोन गुलाब आणि कठड्याच्या जाळीवर चढवलेला घेवडा. तिला वाटलं होतं की झाडं लावली की मन शांत होतं. तसं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. झालं उलटंच. महिन्याभरात गुलाबावर पिठ्या ढेकूण आला, मिरचीची पानं मुडपली आणि घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला. मोहरीहून बारीक किडे, एकमेकांना चिकटून, सोंडा खुपसून रस पीत बसलेले. ते पाहून तिचं डोकं सणकलं.

"फुकटे! कष्ट करू मी आणि खाणार हे!"

घरात औषधाचा डबा आणायची चर्चा सुरू झाली तशी तिनं ती मोडून काढली. खायच्या भाजीवर विष मारायचं नाही. मग तिनं साबणाचं पाणी केलं, तेही रागाच्या भरात इतकं दाट केलं की टोमॅटोची पानं करपली. लसूण-मिरची वाटून फवारली, वारा उलटा होता, दोन दिवस डोळे चोळत बसली. निंबोळीच्या तेलाचं प्रमाण जमायला एक अख्खा हंगाम गेला. आणि शेवटी तिला सापडला तो सगळ्यात जुना उपाय: अंगठा आणि तर्जनी. शेंडा हलकेच दोन बोटांत धरायचा आणि खालून वर सरकवत न्यायचा. माव्याचा काळा चिकट रस बोटांना लागतो. कुणाला किळस येईल. तिला भूक लागायची.

रोज सकाळी भिंतीपलीकडून मला तिचा खिडकीवरचा गोड आवाज ऐकू यायचा. शेंड्यागणिक एकदा, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." मग चरक. "आपलीही नोंदवून घेतली आहे." चरक. तासाभरानं ती हात धुऊन न्याहारीला बसायची तेव्हा तिचा चेहरा धुतलेल्या ताटासारखा लख्ख असायचा. पुढल्या तपासणीला दातांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, झीज थांबलीय. ध्यान वगैरे करता का?"

"हो," ती म्हणाली. "रोज सकाळी."

पहिल्या वर्षी तिनं एक मोठी चूक केली. घेवड्यावर काळ्या-राखाडी, अंगावर नारिंगी ठिपके आणि काटे असलेल्या अळ्या दिसल्या. तांदळाच्या दाण्याएवढं मगरीचं पिल्लूच जणू. इतकं ओंगळ जनावर म्हणजे मुख्य चोर हाच, असं समजून तिनं त्या सगळ्या चिरडल्या. आठवड्यात माव्यानं वेल झाकून टाकला. मग तिला कळलं की त्या अळ्या लाल पाठीच्या, काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या, त्याच गोंडस किड्याच्या ज्याला मुलं हातावर घेतात, आणि त्या अळ्या मावा खातात, तिच्या बोटांपेक्षा कितीतरी पट वेगानं. त्यानंतर दोन हंगाम एकही ढालकिडा तिच्या गॅलरीकडे फिरकला नाही. तिनं त्यांच्यासाठी बडीशेप लावली, कोथिंबीर फुलू दिली, साबणाचं पाणीसुद्धा बंद केलं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, थोडा मावा मुद्दाम सोडायला शिकली. खायला काही नसेल तर खाणारे येतील कशाला? शेंड्यावर मावा दिसतोय, बोटं शिवशिवताहेत आणि ती हात पाठीमागे बांधून उभी आहे, असं मी तिला पाहिलंय.

या वर्षी ते आले. घेवड्याच्या पानाखाली पिवळ्या अंड्यांचे पुंजके उभे राहिले. त्यांतून अळ्या निघाल्या त्या दिवशी तिनं भिंतीवरून ओरडून मला बोलावलं. "बघ, बघ! माझी माणसं कामावर आली!" निवृत्त झाल्यापासून मी तिला इतकी आनंदी पाहिली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या धाकट्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आठवडाभर जाणं भाग होतं. जाताना तिनं नवऱ्याला गॅलरीत उभं करून सांगितलं.

"फक्त पाणी. सकाळी, मुळाशी. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर ऐकलं असतंत."

सुनेलाही तिनं बजावलं. सून बँकेत काम करते, सकाळी डबा भरून पळते, संध्याकाळी मान टाकून येते. ती म्हणाली, "आई, मी गॅलरीत पाऊलसुद्धा टाकणार नाही." आणि तिनं शब्द पाळला. तिथंच घोटाळा झाला.

खिडकीबाई परत आली त्या दुपारी मी कपडे वाळत घालत होते. बॅग दारातच ठेवून, तोंड न धुता, ती सरळ गॅलरीत आली. तिच्या मागोमाग नवरा. त्याच्या हातात मुरंब्याची बरणी होती. हात पुसलेले, चेहरा प्रसन्न.

"आधी हे बघ," तो म्हणाला. "म्हणशील, नवरा काही करत नाही."

बरणीत साबणाचं पाणी होतं. पाण्यात अळ्या तरंगत होत्या. काळ्या-राखाडी, नारिंगी ठिपक्यांच्या. सगळ्या.

"काटेरी आहेत गं! चिमट्यानं एकेक काढली. आणि पानाखाली अंडी घातलेली मेल्यांनी, पिवळी. ती ओल्या फडक्यानं पुसली. तुझंच साबणाचं पाणी वापरलं बरं का, विष नाही. बिनविषारी!"

ती वेलाजवळ गेली. शेंडे काळे पडले होते, देठ काळे, कळ्या काळ्या.

"आणि हे?" तिनं एक शेंडा वर धरला.

"ते काय? सालच तशी आहे ना त्याची?"

मुंग्यांची रांग कठड्यावरून वेलावर चढत होती. वेलाच्या बुडाशी बशीत साखर होती.

"साखर कुणी ठेवली?"

"मीच. मुंग्या बिचाऱ्या दिवसभर वेलावर खपत असतात. म्हटलं, साफसफाई करतायत, थोडं काही तोंडात टाकायला असावं."

मुंग्या खपत होत्या हे खरं. माव्याच्या अंगातून गोड चिकटा सुटतो, तो चाटायला त्या येतात, आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. म्हणजे या भल्या माणसानं राखणदार मारले आणि चोरांच्या पहारेकऱ्यांना पगार सुरू केला.

मला वाटलं, आता बरणी डोक्यात पडते. पण ती वेल चाचपत राहिली, एखादी तरी अळी वाचली असेल म्हणून पानं उलटीपालटी करत. आणि वेलाचं एक टोक तिच्या हातात आलं. जाळीवरून सोडवून बाजूला दोरीनं बांधलेलं होतं. त्यामागं भिंतीवर पेन्सिलीची खूण होती. दुसऱ्या टोकालाही तशीच.

"हे काय?"

"अगं, ते सांगायचं राहिलंच की! काचवाला माप घेऊन गेला. गॅलरी बंद करून घेऊ. सरकत्या काचा. आत किडे येणार नाहीत, धूळ नाही, आणि मुलाला घरून काम करायला टेबल टाकता येईल. तुझ्या कुंड्या राहतीलच की काचेच्या आत. दोन-तीन. तुला बसायलाही छान, आरामखुर्ची टाकून. परवा येतोय तो बसवायला."

"काच," ती म्हणाली.

"जाड. आवाजसुद्धा येत नाही."

मग ती बोलली. मी या बिल्डिंगमध्ये आल्यापासून तिचा असा आवाज ऐकला नव्हता. ओरडली नाही ती. ओरडणं परवडलं असतं.

"मी नोकरीभर काचेमागं बसले. बाहेर पडायचा एकदा चान्स आला, तोही तुम्ही दारातून परत पाठवलात. चहा टाकायला गेले होते मी. चहा! तेवढ्या वेळात विकलंत मला. आणि आता म्हातारपणी ही चार हात जागा, जिथं उघड्यावर उभं राहून मला श्वास घेता येतो, तिथं काच लावताय? कुणाला विचारून?"

"अगं, तुझ्या भल्या..."

"ते वाक्य गिळा. आत्ताच्या आत्ता गिळा."

त्यानं खरंच काहीतरी गिळलं.

संध्याकाळी सून आली, तिनं बरणी पाहिली आणि सगळं ऐकून घेतलं. भांडण विझवावं म्हणून ती हळूच म्हणाली, "पण आई, पहिल्या वर्षी तुम्हीसुद्धा याच अळ्या मारल्या होत्या ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"हो, मारल्या. माझ्या वेलावर, माझ्या हातानं. माझी चूक होती ती, मी निस्तरली. ह्यांना चूक करायलासुद्धा माझीच बाग लागते."

"आणि काचेचं तुम्हाला विचारलंय असं बाबा म्हणाले. मला वाटलं, खरंच विचारलंय."

"घरात आल्याला इतकी वर्षं झाली तुला, आणि अजून असं वाटतं?"

सुनेनं बरणी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या मुलाला टेबल मी बेडरूममध्ये लावून देते. मलाही कुणी विचारलं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी काचवाला आला. खांद्यावर चौकट, सोबत अवजारांची पेटी. नवऱ्यानं दार उघडलं. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "या, या. अगं, चहा टाक."

खिडकीबाई दारात आली, कमरेवर हात ठेवून.

"चहा तुम्ही टाका," ती म्हणाली. "मी बोलते."

तो जागचा हलेना. तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. सुनेनं डबा भरता भरता गॅसजवळून बाजूला होऊन जागा करून दिली. तो आत गेला.

"गॅलरी बंद होणार नाही," तिनं काचवाल्याला सांगितलं.

"बाई, साहेबांनी सांगितलं म्हणून तर आलो. काच कापून झालीय. कापलेली काच परत जोडता येत नाही."

"मला ठाऊक आहे. मोजमाप कोणाचं आहे?"

"साहेबांचं."

"मग साहेबांच्याच कपाटाला लावा. लाकडी दार काढा आणि तुमची काच बसवा. आत काय काय कोंबून ठेवलंय ते जरा जगाला दिसू दे."

काचवाला गोंधळून आतल्या दिशेनं पाहू लागला. आतून साखरेचा डबा कुठाय असं विचारल्याचा आवाज आला. "गॅलरीत," खिडकीबाई ओरडली, "मुंग्यांकडे!" काचवाला फिस्सकन हसला, मग घाबरून गप्प झाला. चहा आला, बिनसाखरेचा. काचवाला तो उभ्यानंच प्यायला, आणि कपाटाचं माप घेऊन गेला. ती काच आजही नवऱ्याच्या कपाटाला आहे. आतल्या बनियनच्या घड्या सुरेख दिसतात.

पण काच गेली म्हणून राग गेला नाही. घेवडा काळाच होता. अळ्या मेलेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सकाळी गॅलरीत बोलावलं आणि समोर पाट ठेवला.

"बसा."

"कशाला?"

"माझी माणसं मारलीत तुम्ही. त्यांचं काम आता तुमच्याकडे. शेंडा दोन बोटांत धरायचा, खालून वर. पान फाटता कामा नये."

"अगं, हे हजारो आहेत!"

"त्या अळ्यांनी कधी कुरकुर केली नाही."

तो बसला. मी भिंतीआडून पाहत होते, आणि खरं सांगते, हसू दाबायला मला तोंडात पदर कोंबावा लागला. पहिल्या दिवशी त्यानं शेंडाच मोडला. तिनं तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि पुढला दाखवला. त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा, वर करायला गेला की काळा रस कपाळाला लागायचा. मुंग्या बाहीतून आत शिरायच्या.

"पाठ भरून आली गं."

"तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे."

"किती दिवस करायचं हे?"

"आपलीही नोंदवून घेतली आहे."

रोज सकाळी तो येई. ती खुर्चीत बसून बडीशेपेची सुकलेली फुलं खुडत राही, लक्ष त्याच्या बोटांवर.  वेलाचे शेंडे हळूहळू हिरवे दिसू लागले. मी तिला म्हटलं, "आता सोड बिचाऱ्याला."

"बिचारा?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कपड्यांच्या घड्या घालायला आत निघून गेले.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. प्रसन्न नव्हता तो. जरासा घाबरलेला होता.

"अगं ए."

ती फुलं खुडत राहिली.

"हे इथं, पानाखाली. काटेरी. नारिंगी ठिपके. एकटंच आहे." पान त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं, हात हलू नयेत म्हणून कोपर गुडघ्यावर टेकलं होतं. एक मुंगी त्याच्या मनगटावरून चढत होती, ती झटकायचंही धाडस त्याला होत नव्हतं.

"मारू की ठेवू?" त्यानं विचारलं.

खिडकीबाईचा हात थांबला. तिनं मांडीवरची फुलं गोळा करून वाटीत घातली, पदराला हात पुसले, स्वतःच्या चष्म्याच्या दोन्ही काचा सावकाश, एकेक करून स्वच्छ केल्या. तो पान धरून तसाच बसला होता. मुंगी त्याच्या कोपरापर्यंत पोचली होती.

"पुन्हा विचारा," ती म्हणाली.